बिंदू आणि उभी रेघ : जुनी स्वरलिपी वाचण्याचा एक पाठ

पुरुषसूक्त किंवा श्रीसूक्त ज्यांनी छापील पोथीवरून म्हटले आहे, त्यांना अक्षराखाली येणारी आडवी रेघ आणि अक्षराच्या डोक्यावर येणारी उभी रेघ यांची ओळख आहे. आडवी रेघ अनुदात्ताची, उभी रेघ स्वरिताची. ज्यावर काहीच खूण नाही ते अक्षर उदात्त किंवा प्रचय. ही ओळख बहुधा गुरुमुखातून झालेली असते, त्यामुळे ती रेघ म्हणजे काय असा प्रश्न पाठकाला कधी पडत नाही. पण हाच पाठक सायंकाळी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची क्रमिक पुस्तकमालिका उघडून बसला, तर मध्यमाच्या डोक्यावर तशीच उभी रेघ त्याला दिसते आणि तेथे तिचा अर्थ तीव्र मध्यम असा होतो. आणि त्याच रात्री त्याने शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर हाती घेतला, तर कोणत्याही स्वराच्या डोक्यावरील उभी रेघ तो स्वर तार आहे असे सांगते. रेघ एकच, अर्थ तीन. जुनी स्वरलिपी शिकू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे ध्यानी धरले पाहिजे की खूण स्वतः काहीच बोलत नाही. ती ज्या पद्धतीची असेल त्या पद्धतीच्या नियमाने बोलते.

हा विषय या पत्रिकेत घेण्यास एक निमित्त झाले. आमच्या सुरतेच्या मंडळींपैकी एका घरातून पदांची एक जुनी हस्तलिखित वही आमच्याकडे आली. घरातील पूर्वीच्या पिढीत कोणी हरिदास होते. त्यांनी एकादशीच्या आणि उत्सवाच्या कीर्तनात म्हणावयाची पदे लिहून ठेवली आहेत. अशा वह्या पुष्कळ घरांत आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांत पदाच्या माथ्यावर रागाचे व तालाचे नाव, किंवा नुसते 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या प्रसिद्ध पदाचा आरंभ, एवढेच असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून नाटकांच्या पदांवरही 'चाल' लिहिण्याचा प्रघात आहे. ही सुद्धा एक प्रकारची स्वरलिपीच होय. मात्र ज्या पदाचा हवाला दिला ते पद लोकांच्या ओठी आहे तोपर्यंतच तिचा उपयोग. ते विसरले गेले की माथ्यावरची ओळ पडक्या घराच्या पाटीसारखी उरते. जयदेवाच्या गीतगोविंदाचे असेच झाले आहे. अष्टपदींवर राग व ताल यांची नावे पोथ्यांत आहेत, पण बाराव्या शतकात त्या कोणत्या स्वरांनी गायल्या जात हे त्या नावांवरून आज सांगता येत नाही. येथील वैष्णव हवेल्यांत कीर्तनाची परंपरा अखंड चालत आली आहे, ती कीर्तनियांच्या कंठामुळे. त्यांच्या पदसंग्रहांतही रागनामापलीकडे सहसा काही नसते.

आमच्याकडे आलेल्या वहीत मात्र काही पदांखाली स्वर लिहिलेले आहेत, आणि स्वरांच्या डोक्यावर बिंदू आहेत. ते पाहून मंडळातील दोघांनी तेच पद दोन तऱ्हांनी गाऊन दाखविले. दोघेही शिकलेले, दोघेही प्रामाणिक. एकाच्या गळ्यातून चाल खाली उतरे तेथे दुसऱ्याच्या गळ्यातून ती वर उडे. श्रोत्यांना ते दोन वेगळी पदे वाटली. घरातील वृद्ध आजींना चाल अर्धवट आठवते. त्या गेल्यावर विचारावयास कोणी उरणार नाही. म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ विद्वत्तेचा वाटत नाही.

भेद कोठे पडतो तो आता पाहू. भातखंडे यांच्या पद्धतीत डोक्यावर बिंदू असेल तर स्वर तार सप्तकातील, खाली बिंदू असेल तर मंद्र सप्तकातील. आज बहुतेक वर्गांत हीच पद्धत शिकविली जाते, त्यामुळे वरचा बिंदू म्हणजे वरचा स्वर हे आपल्याला निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. परंतु पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपल्या पुस्तकांत जी लिपी चालविली, तिच्यात डोक्यावरील बिंदू मंद्र स्वराचा आणि डोक्यावरील उभी रेघ तार स्वराची. पलुस्करांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले; पुढे १९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली आणि त्यांच्या शिष्यांनी ही विद्या गावोगावी नेली. भडोचला वाढलेले पंडित ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचेच शिष्य. तेव्हा गुजरातेतील एखाद्या जुन्या मराठी घरात दोन्ही पद्धतींची पुस्तके एकाच फडताळात असणे मुळीच आश्चर्याचे नाही, आणि वहीतील बिंदू कोणत्या पद्धतीचा हे पाहिल्यावाचून गाणे म्हणजे चाल उलटी करणे होय.

पलुस्करांची ही खूण नवी नव्हे. ती सातशे वर्षांपूर्वीच्या रत्नाकरात आहे. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळ काश्मीरचे. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले, आणि तो स्वतः देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी, हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी म्हणून होता. सिंघणाची कारकीर्द १२१० ते १२४७ अशी धरतात. म्हणजे ज्या भूमीवर पुढे ज्ञानदेवांनी ओवी लिहिली, त्याच भूमीवर त्याच्या काही दशके आधी हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या अध्यायात, अलंकारांच्या प्रकरणात, ग्रंथकाराने लिहिण्याचा संकेत स्पष्ट सांगून ठेवला आहे: मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू द्यावा, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी, आणि प्लुत स्वर तीन वेळा लिहावा. हिशेबनीस माणसाला शोभेल असाच हा काटेकोरपणा आहे, असे आम्हांस नेहमी वाटते. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६–९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून संपादून घेऊन हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला, आणि ग. ह. तारळेकर यांचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे; तेव्हा संस्कृताची भीती बाळगण्याचे कारण नाही.

रत्नाकरातील स्वरलेखनाचा नमुना पाहावयाचा असेल तर पहिल्या अध्यायाच्या अखेरीस जातींचे प्रस्तार आहेत ते पाहावेत. अठरा जाती, आणि प्रत्येक जातीखाली शंकराच्या स्तुतीचे पद स्वरांसह मांडलेले. षाड्जी ही पहिली. तिच्या बारा कला आहेत आणि प्रत्येक कलेत आठ घरे. वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत पदाची अक्षरे. घरात 'सा' असे दीर्घ अक्षर असेल तर तो एकटा स्वर ते घर भरतो. 'निध' अशी दोन ऱ्हस्व अक्षरे एकत्र असतील तर दोघांनी मिळून तेवढाच वेळ घ्यावयाचा. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ हेच येथे काळाचे माप आहे. आजच्या पद्धतीत 'स' आणि 'सा' यांत आपण भेद मानीत नाही, आणि म्हणून नवा वाचक ही दीर्घता शुद्धलेखनाची बाब समजून सोडून देतो. ती सोडली की चालीचे माप गेलेच. कोठे पदाचे अक्षर नसलेले घर आढळते. तेथे मागील अक्षराचा स्वर पुढे ओढावयाचा असतो. ज्याने छंदाचे लघु-गुरू मोजले आहेत त्याला हे सर्व दोन दिवसांत येते.

अवघड आहे ते निराळेच. रत्नाकरात 'ग' लिहिले म्हणजे आजचा शुद्ध गांधार नव्हे. प्राचीनांनी सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्या आणि षड्जग्रामात त्या स्वरांना चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटून दिल्या. प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. या हिशेबाने ऋषभापासून गांधार दोनच श्रुतींवर येतो, म्हणजे आपल्या कोमल गांधाराच्या जवळ, तसेच निषादाचे. प्राचीनांचे शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखे उभे राहते, आणि भातखंडे यांच्या पद्धतीत शुद्ध सप्तक आहे बिलावलाचे. तेव्हा जो वाचक रत्नाकरातील ओळ जशीच्या तशी पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवील, त्याच्या हातून खुणा सगळ्या बरोबर वाचूनही गाणे चुकेल. येथे एक गोष्ट सांगून ठेवणे बरे. आजच्या मैफलीतील रागांना रत्नाकरातील रागांची नावे लावून 'हाच तो प्राचीन राग' असे सांगण्याची हौस पुष्कळांना असते. नाव तेच राहिले तरी सातशे वर्षांत त्याखालचे गाणे तेच राहिले असे ठरत नाही. भातखंडे स्वतः या बाबतीत फार सावध होते, आणि त्यांची ती सावधगिरी आम्हांस त्यांच्या लिपीपेक्षाही अधिक अनुकरणीय वाटते.

बिंदू आणि रेघ यांवर आणखी एक संकट असते ते लेखनिकांचे. पोथीवरून पोथी उतरताना अक्षर सहसा गळत नाही, कारण अक्षर गळले तर शब्द मोडतो. बिंदू गळला तर काहीच मोडत नाही. ज्याला गाणे येत नाही अशा नकलनविसाला तो शाईचा शिंतोडा वाटतो, किंवा उलट शाईचा शिंतोडाच बिंदू होऊन पुढच्या पोथीत जातो. देवनागरीत तर अनुस्वारही तेथेच बसतो. पोथीत बिंदू नाही म्हणून स्वर मध्य सप्तकातलाच, असे मानणे धोक्याचे आहे. आजूबाजूच्या स्वरांनी त्याला साक्ष दिली पाहिजे.

दगडावरचा बिंदू तेवढा सहज गळत नाही. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियान्मलै येथे शिवालयामागील खडकावर सातव्या-आठव्या शतकातील एक लेख आहे. त्यात शब्द जवळजवळ नाहीत. सात ग्रामरागांचे स्वर चार-चारांच्या गटांनी कोरलेले आहेत. शिष्यांच्या हितासाठी हे केले असे कोरविणाऱ्या शिवभक्त राजाने म्हटले आहे, आणि आपल्या रुद्राचार्य नावाच्या गुरूचाही उल्लेख केला आहे. हा लेख एपिग्राफिया इंडिका या नियतकालिकाच्या १९१३–१४ च्या खंडात वाचून प्रसिद्ध केला तो एका मराठी माणसाने: इंदूरचे डॉक्टर प्र. रा. भांडारकर. त्या लेखातील गंमत अशी की तेथे ऋषभ 'रि' एवढाच नाही. र, रि, रु, रे अशी चार रूपे आहेत, आणि इतर स्वरांचीही तशीच. हे स्वरभेद श्रुतींचे, की वीणेच्या तारेवर आघात करण्याच्या तऱ्हांचे, यावर विद्वानांत मतभेद झाले. पण भांडारकरांनी आधी अक्षरे जशी आहेत तशी छापली, म्हणून पुढच्यांना मतभेद तरी करता आला. त्यांनी चारही रूपांचा एकच 'रि' करून टाकला असता तर प्रश्नच नाहीसा झाला असता, आणि त्याबरोबर उत्तराची शक्यताही.

वेदाकडे वळलो तर हाच धडा आपल्या दाराशी आहे. ऋग्वेदात रेघांनी दाखविलेले स्वर सामवेदाच्या संहितेत अंकांनी दाखवितात: १ म्हणजे उदात्त, २ म्हणजे स्वरित, ३ म्हणजे अनुदात्त. आणि तोच मंत्र गानग्रंथात आला की अंकांचा अर्थ बदलतो. तेथे ते गायनाच्या स्वरांची नावे होतात. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने १९४२ मध्ये औंध येथून कौथुम शाखेचे ग्रामगेय गान छापले. १९४८ नंतर हे मंडळ पारडी येथे आले. पारडी आज वलसाड जिल्ह्यात आहे, परंतु तेव्हा ते आपल्या सुरत जिल्ह्यातच मोडत असे. अंकांनी भरलेली ती पाने पाहिल्यावर, मुद्रकाने एक अंक जरी सोयीसाठी गाळला असता तरी काय झाले असते, याची कल्पना येते.

युरोपातही हा प्रश्न उभा राहिला होता. तेथील मठांत धर्मगीतांच्या शब्दांवर बारीक वळणाच्या खुणा काढीत. आवाज चढतो की उतरतो एवढे त्यांवरून कळे, किती चढतो ते कळत नसे. अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदो नावाच्या साधूने रेघांची जाळी मांडून स्वराला निश्चित जागा दिली. मागाहूनच्या शतकांत जुन्या खुणांचे वाचन बिघडत गेले. फ्रान्समधील सोलेम येथील मठवासीयांनी ते सुधारावयाचे ठरविले तेव्हा १८८९ पासून त्यांनी जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रेच छापण्यास आरंभ केला. आमचे वाचन हे असे आहे, आणि ज्यावरून वाचले ते हे असे आहे; पटत नसेल तर स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या वहीकडे येऊ. लिप्यंतर करावयाचे ते दोन स्वतंत्र कामे समजून करावे, आणि शक्यतो दोन निरनिराळ्या दिवशी. प्रथम पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे. आज मोबाइलमुळे यास काहीच खर्च नाही. नंतर मूळ ओळ जशी आहे तशी उतरावी: बिंदू तेथे बिंदू, रेघ तेथे रेघ, दीर्घ तेथे दीर्घ, खोडलेले तेथे खोडलेले. या वेळी गुणगुणू नये. हे ऐकावयास विचित्र वाटेल, पण गुणगुणले की हात कानाचे ऐकतो, डोळ्याचे ऐकत नाही. ही ओळ पुरी झाल्यावर तिच्याखाली आजच्या लिपीतील अर्थाची ओळ लिहावी, आणि तिच्याखाली पदाची अक्षरे. जेथे शंका असेल तेथे अर्थाच्या ओळीत कंस घालावा. मूळच्या ओळीत कंस, दुरुस्ती, सुधारणा काहीही घालू नये.

अर्थाची ओळ लिहिण्यापूर्वी पद्धत ओळखावी लागते, आणि त्याचे पुरावे बहुधा त्याच वहीत सापडतात. कोठेही स्वराच्या खाली बिंदू आढळला, तर वही भातखंडे यांच्या पद्धतीची असण्याचा संभव मोठा. उभी रेघ फक्त मध्यमावरच येत असेल, तर तेही त्याच बाजूचे. पण ती रेघ षड्जावर किंवा ऋषभावर आली, तर ती तीव्रतेची असणे शक्य नाही. ती तार स्वराची, आणि मग वरचे बिंदू मंद्राचे. कोमल स्वर भातखंडे अक्षराखाली आडव्या रेघेने दाखवितात, पलुस्कर हलन्ताच्या खुणेने. तालाच्या खुणांत तर एक गमतीचा फास आहे. भातखंडे समेला तिरकी फुली आणि कालाला शून्य लिहितात. पलुस्कर समेला १ आणि कालाला उभ्या-आडव्या रेघांची अधिक चिन्हासारखी फुली लिहितात. टाकाने घाईत लिहिलेली फुली तिरकी की सरळ हे ओळखता आले नाही तर सम आणि काल यांची अदलाबदल होते. तेथे शून्य शोधावे. तालाच्या खुणांत शून्ये असतील तर फुली समेची.

एवढे करूनही संशय राहिला तर चालीलाच विचारावे. समजा भूप रागाच्या पदात सा, मग बिंदू असलेला ध, पुन्हा सा, मग रे, ग असे लिहिले आहे (ही ओळ आम्ही समजुतीसाठी येथे बनविली आहे, ती कोणत्याही पदातील नाही). बिंदू मंद्राचा मानला तर षड्जावरून खालच्या धैवतास स्पर्श करून चाल परत येते आणि पायरी-पायरीने गांधारावर चढते. भूपाचे वळण असेच आहे. बिंदू तारेचा मानला तर मध्य षड्जावरून एकदम तार धैवतावर उडी, आणि तेथून तशीच खाली उडी. तसा धैवत कसलेल्या गायकाच्या गळ्यालाही जड, मग उत्सवात लहानथोरांनी मिळून म्हणावयाच्या पदात तो कोणी घालील काय? चाल बहुधा शेजारच्या स्वरावर जाते. दर चार स्वरांना जी उडी मारते ती चाल नसून चुकीचे वाचन असते.

आमच्या वहीत उभी रेघ षड्जावर आहे, पंचमावरही आहे. खालचा बिंदू एकदाही नाही. कालाच्या जागी सरळ फुली आहे. तेव्हा खाली उतरणारे वाचनच बरोबर, हे ठरले, आणि आजींनीही ते ऐकून पुढचे कडवे आपण होऊन म्हटले. त्यांच्या म्हणण्यात अंतऱ्याच्या शेवटी एक वळण वहीहून वेगळे येते. ते आम्ही वहीच्या ओळीत मिसळलेले नाही. तिसऱ्या पानावर निराळी ओळ करून, कोणाकडून व कोणत्या तिथीस ऐकले ते लिहून ठेवले आहे.

दोन पदे मात्र अजून तशीच आहेत. त्यांतील एकाच्या स्वरांवर बिंदूही आहेत आणि काही ठिकाणी बिंदूखाली बारीक आडवी वेलांटीसारखी खूणही आहे. ती मींडेची असेल, किंवा लिहिणाऱ्याने स्वतःसाठी काढलेली एखादी निशाणी असेल. त्या ओळीची हुबेहूब नक्कल देवालयाच्या कचेरीत ठेविली आहे. ज्यांच्या घरी त्याच सुमाराच्या वह्या असतील त्यांनी त्या घेऊन कोणत्याही एकादशीस भजनानंतर यावे. वही द्यावी लागणार नाही, पानांची छायाचित्रे तेथेच घेऊन ती परत दिली जाईल.